कल्पित जगात रोज परत जाण्याची वाट

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा नीट वाचला. तुम्ही लातूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवता, घरी दोन लहान मुले आहेत, सासूबाईंची प्रकृती नाजूक असते आणि यजमान नोकरीमुळे आठवडाभर बाहेरगावी असतात. चार वर्षांपूर्वी तुम्ही एक अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली. जमिनीखालून वाहणाऱ्या नदीवर जगणारे एक राज्य, त्याचा नकाशा, पाच पिढ्यांची वंशावळ, तेरा महिन्यांचे पंचांग आणि त्या लोकांची लिपीसुद्धा तयार आहे. प्रकरणे मात्र नऊच झाली आहेत आणि त्यांतील पहिली तीन तुम्ही सहा वेळा लिहिली आहेत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेखन भराभर होते, शाळा उघडली की थांबते आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते. या धावपळीत लेखनाचे सातत्य कसे राखावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा कर्मचारी, म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि ती करता करताच चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील दोन पूर्णपणे कल्पित जगातल्या आहेत. त्यामुळे जे सांगतो आहे ते नोकरी, संसार आणि लेखन एकत्र ओढण्याच्या अनुभवातून सांगतो आहे. एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. मी पहाटे लिहीत असे आणि त्या वेळी चूल, पाणी, मुलांचे डबे हे सगळे माझी पत्नी पाहत असे. तुमच्या घरी ते सर्व तुमच्याकडेच आहे. म्हणून माझी वेळ तुम्हाला लागू पडेल असे मी म्हणणार नाही. माझ्या रीतीमागचे कारण लागू पडेल असे मला वाटते, आणि तेच सविस्तर सांगतो.

तुम्ही वेळेची अडचण सांगितली आहे. ती खरी आहे, पण तुमच्याच मजकुरात मला तिच्याहून मोठी अडचण दिसते. तुम्हाला सुट्टीत वेळ मिळतो, तरी दहावे प्रकरण सुरू होत नाही. पहिलेच पुन्हा लिहिले जाते. याचे कारण असे की वास्तवातल्या गावावर कादंबरी लिहिणारा माणूस चार महिन्यांनी वहीकडे परतला, तरी त्याचे गाव त्याच्या आजूबाजूला तसेच असते. बाजार तोच, बोली तीच, बसस्टँडवरचा चहा तोच. आठवण ताजी करण्याचे निम्मे काम ते गावच करते. तुमचे भूमिगत नदीचे राज्य मात्र जगात कुठेही नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आणि त्या वहीत आहे. चार महिने तुम्ही तिकडे फिरकला नाहीत, तर त्या राज्यातल्या वाटा तुमच्याच मनात पुसट होतात. मग आत शिरण्याचा एकच ओळखीचा दरवाजा उरतो, तो म्हणजे पहिले पान. तुम्ही तिथून आत जाता, वाचता वाचता काही वाक्ये खटकतात, दुरुस्ती सुरू होते आणि सुट्टी संपते. हा आळस नाही किंवा प्रतिभेची उणीवही नाही. अद्भुतरम्य लेखनात दर खंडानंतर आत परतायला लागणारा वेळ मोठा असतो आणि त्याची तरतूद आपण केलेली नसते, इतकेच.

मी एकदा हा वेळ स्वतःच्या बाबतीत घड्याळ लावून पाहिला होता. आदल्या दिवशी लिहिले असेल, तर पाच मिनिटांत लेखणी चालू लागत असे. आठवडा गेला असेल, तर चाळीसेक मिनिटे लागत. महिना गेला असेल, तर दोन-तीन बैठका नुसत्या वाचण्यात जात. आता यावरून हिशेब करून पाहा. रविवारी सलग तीन तास मिळाले, म्हणजे एकशे ऐंशी मिनिटे. त्यांतली चाळीस आत शिरण्यात गेली, तर एकशे चाळीस उरली. आठवड्यातून सहा दिवस पंचवीस मिनिटे लिहिले, तर दीडशे मिनिटे होतात. रोजची पाच वजा केली की एकशे वीस उरतात. म्हणजे कागदावर रविवारच थोडा पुढे आहे. पण आपल्याकडे रविवारीच लग्न असते, रविवारीच पाहुणे येतात, शेताकडे जायचे तेही रविवारीच. एक रविवार बुडाला की खंड चौदा दिवसांचा होतो आणि पुढचा अर्धा रविवार वाट शोधण्यात जातो. रोजच्या पंचवीस मिनिटांतला एक दिवस बुडाला, तर फारसे बिघडत नाही. याखेरीज, रोज थोडे लिहिणाऱ्याचे मन मधल्या वेळेतही त्या जगात वावरत असते. भाकरी थापताना किंवा बसमध्ये उभे असताना एखाद्या पात्राचे पुढचे वाक्य आपोआप सुचते. आठवड्यातून एकदाच लिहिणाऱ्याला हे सहसा लाभत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की रोजचे लक्ष्य लहान ठेवा आणि ते पानात मोजा. आखीव मोठ्या वहीचे एक पान माझ्या अक्षरात साधारण दोनशे शब्दांचे होते. आठवड्यात पाच पाने धरली, तर एक हजार शब्द होतात. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी परीक्षा, आजारपण, सण, लग्नसराई आणि निवडणुकीची ड्युटी यांसाठी बारा आठवडे सोडून द्या. चाळीस आठवड्यांत चाळीस हजार शब्द झाले. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी दोन वर्षांत पूर्ण होते. दोन वर्षे ऐकायला लांब वाटतात, पण चार वर्षांत नऊ प्रकरणे झाली आहेत हे लक्षात घेतले, तर ती लांब नाहीत.

दुसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेखन थांबवताना, वही मिटण्याआधी, तीन ओळी लिहून ठेवा: आत्ता कोण कुठे आहे, पुढच्या क्षणी काय होणार आहे, आणि त्या पात्राच्या मनात काय चालले आहे. उदाहरणार्थ, ‘ती बारवेच्या सातव्या पायरीवर उभी आहे. खालून कुणीतरी पोहरा ओढल्याचा आवाज येणार. तिला भीतीपेक्षा राग अधिक आला आहे.’ ही सवय मला मोजणीच्या कामातून लागली. शेताची मोजणी एका दिवसात संपली नाही, तर भूकरमापक शेवटच्या बिंदूची खूण जमिनीवरही करतो आणि टिपणातही लिहितो, कारण दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायचे असते. ती खूण केली नाही, तर सकाळी पहिल्या बांधापासून पुन्हा साखळी धरावी लागते. तुमच्या कादंबरीत दर सुट्टीला नेमके हेच होत आले आहे.

या तीन ओळींसाठी मी पंचवीसांतली शेवटची चार मिनिटे राखून ठेवत असे, मग प्रसंग कितीही रंगात आलेला असो. रंगात असतानाच थांबणे सुरुवातीला जड जाते, पण पुढची ओळ ठाऊक असताना थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी चटकन बसतो. सुचणे संपल्यावर थांबलेला माणूस वहीपासून दूर राहण्याची कारणे शोधू लागतो. तुम्ही बसने शाळेत जाता असे लिहिले आहे. लिहायला जागा नसेल, तर या तीन ओळी मोबाइलमध्ये बोलून ठेवल्या तरी चालतात. मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी ठीक चालते. मात्र पूर्ण प्रसंग बोलून लिहिण्याचा माझा अनुभव समाधानकारक नाही. कल्पित नावे यंत्राला कळत नाहीत आणि दुरुस्तीत दुप्पट वेळ जातो.

आता पहिल्या तीन प्रकरणांकडे येतो, कारण तुमची खरी गाठ तिथे पडली आहे. ती प्रकरणे कपाटात ठेवा आणि शेवटचे प्रकरण लिहून होईपर्यंत उघडू नका. हे कठोर वाटेल, पण त्यामागे कारण आहे. कादंबरीच्या आरंभी नेमके काय हवे, हे तिचा शेवट कळल्यावरच ठरते. माझ्या दुसऱ्या कादंबरीचे पहिले प्रकरण मी वर्षभर घासत होतो आणि शेवट लिहिल्यावर ते अख्खे काढून टाकावे लागले, कारण कथा मुळात दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होत होती.

लिहिता लिहिता मागचे काही बदलावेसे वाटले, तर मागे जाऊ नका. एका वेगळ्या वहीत एक ओळ लिहा: ‘प्रकरण 2: राणीचा भाऊ मेलेला नाही.’ आणि तो बदल झालाच आहे असे धरून पुढे लिहीत राहा. मोजणीच्या टिपणात चुकीचा आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात आणि काम पुढे चालू ठेवतात. स्वच्छ नकाशा नंतर कार्यालयात, टेबलावर बसून काढला जातो. अर्जदाराच्या हातात त्या नकाशाची जी ‘क’ प्रत पडते, तिच्यात शेतातला चिखल कुठेच दिसत नाही. खर्डा म्हणजे टिपण. तो शेतात उभे राहून लिहिलेला असतो आणि त्यात खाडाखोड असणारच.

पुष्कळ जण मला वेरूळच्या कैलास लेण्याचा दाखला देतात. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, एकाच डोंगरातून वरून खाली ते मंदिर कोरले गेले. तिथे एकही चूक परवडणारी नव्हती, तर लेखनातही तसेच आधी सर्व नेमके ठरवायला हवे, असे त्यांचे म्हणणे असते. मी कैलास अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी माझे मत याच्या उलट झाले आहे. त्या कारागिरांना उडवलेला दगड परत बसवता येत नव्हता, म्हणून त्यांना तशी सावधगिरी भाग होती. आपल्याला काढलेला परिच्छेद परत घालता येतो, राजाचे नाव शेवटच्या दिवशी बदलता येते, मेलेला माणूस जिवंत करता येतो. ही सवलत हातात असताना दगड कोरणाऱ्याची भीती आपण का बाळगावी?

यानंतर नकाशा, वंशावळ, पंचांग आणि लिपी यांच्याबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे मी स्वतः तीन वर्षे अडकलो होतो. नकाशे काढणे हेच माझे काम असल्याने माझ्या पहिल्या कल्पित राज्याचा नकाशा मी प्रमाण धरून काढला होता. गावांच्या शिवा, ओढे, गाडीवाटा, गट क्रमांक, एवढेच काय पण कोणत्या गावात किती एकर जिरायत आहे, हेही त्यात होते. ते काम करताना मिळणारे समाधान लेखनाच्या समाधानासारखेच वाटते, म्हणून फसगत लवकर कळत नाही. तीन वर्षांनी माझ्याकडे नकाशांची एक जाड गुंडाळी होती आणि एकाही पात्राने दुसऱ्याशी संवाद केलेला नव्हता. ती कादंबरी मी सोडून दिली. पुढच्या वेळी मी स्वतःला असे बंधन घातले की जगाबद्दलची माहिती हातातल्या प्रसंगाला लागेल तेवढीच ठरवायची. पात्र ओढा ओलांडणार असेल, तर ओढ्याचे नाव आणि त्याला पाणी किती हे ठरवायचे. त्या ओढ्याचा उगम कुठे, हे तिथे कुणी जाईल तेव्हा पाहू.

देवगिरीच्या किल्ल्यावर गेलात, तर हे तत्त्व दगडात दिसते. खंदक आणि तासलेला उभा कडा यांमुळे शत्रूला वर यायला एकच वाट उरते, आणि अंधारी हा काळोखा भुयारी मार्ग नेमका त्याच वाटेवर आहे. जिथून कुणी चढूच शकत नाही, तिथे असे भुयार खोदण्याची मेहनत कुणी घेतलेली नाही.

तुमचे राज्य भूमिगत पाण्यावर उभे आहे, म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुस्तके आणि व्हिडिओ पाहण्यात महिने घालवण्याऐवजी नळदुर्गला एक दिवस जाऊन या. तुमच्याकडून ते फार दूर नाही. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात तिथे पाणीमहाल बांधलेला आहे. आत उभे राहून गारवा, दगडाचा वास आणि पाण्याचा आवाज यांची एक पानभर नोंद करा. ती तुम्हाला दहा प्रकरणे पुरेल. छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर मलिक अंबरच्या काळात तेव्हाच्या खडकी शहरासाठी जमिनीखालून पाणी आणणारा नहर कसा केला होता, तेही पाहता येईल. सतराव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी तो बांधला, त्यांना पाण्याला उतार किती लागतो आणि हवा कुठे सोडावी लागते, याचा विचार करावा लागला. तुमच्या राज्यातल्या जादूलाही असाच एखादा उतार असू द्या, म्हणजे ती कशाच्या बदल्यात मिळते आणि कुठे चालत नाही, हे दोन-तीन वाक्यांत लिहून टाका. तेवढे लिहिले, की कथानक अडल्यावर सुटण्याचा मार्ग त्या नियमांतूनच निघतो.

मराठीत अद्भुतरम्य लिहिणाऱ्याला काही अडचणी अशा येतात, ज्यांचा विचार आधी केला नाही, तर त्या रोज दहा मिनिटे खातात. पहिली अडचण कल्पित नावांच्या रूपांची. तुमच्या नगराचे नाव ‘थालस’ असेल, तर ‘थालसात’ लिहायचे की ‘थालसमध्ये’? ‘थालसाचा राजा’ की ‘थालसचा राजा’? प्रत्येक वेळी हे नव्याने ठरवत बसलात, तर वाक्य अडते आणि पुढे शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. दुसरी अडचण संबोधनांची. आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण यांच्यावाचून संवादाची एक ओळही पुढे जात नाही. त्या राज्यात मुलगी आईला काय म्हणते, शिपाई सेनापतीला काय म्हणतो, निवेदक राजाला ‘तो’ म्हणतो की ‘ते’, हे एकदाच ठरवून लिहून ठेवावे लागते. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी असत: नेमके शुद्धलेखन, विभक्ती लावल्यावरचे रूप, कोण त्याला कसे हाक मारते आणि ते पहिल्यांदा कोणत्या पानावर आले. तुमच्या वंशावळीपेक्षा ही वही रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडेल.

तिसरी अडचण भाषेच्या पोताची. कल्पित राज्य म्हटले की आपण सगळ्यांच्या तोंडी जड संस्कृतप्रचुर भाषा घालतो. ती लिहायला वेळ लागतो, कारण तशी भाषा आपण कधी बोललेलो नसतो आणि प्रत्येक वाक्य मनात घडवावे लागते. दरबारातले लोक तसे बोलत असतील तर बोलू द्या. पण तुमच्या नदीकाठचा मेंढपाळ तुमच्या औसा-निलंग्याकडच्या माणसासारखा ‘काय करायलाव?’ असे विचारू लागला, तर तो पहिल्या दिवसापासून जिवंत वाटेल आणि तुमचा हातही भरभर चालेल. वेस, गढी, चावडी, माळवद, आड, बारव, पोहरा असे शब्द आपल्या भागात आयते आहेत. तेलुगू, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषांचा वारा आपल्या सीमेवरच्या गावांना लागलेला आहे, त्यातून नावे घडवलीत तर ती परकी वाटणार नाहीत.

इथवरचे थोडक्यात असे झाले: रोज एक पान, थांबताना तीन ओळी, शेवट होईपर्यंत मागे जायचे नाही, आणि जगाची जुळवाजुळव प्रसंगापुरती. आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे, त्याकडे वळतो.

दिवसाचा कोणता तुकडा घ्यायचा, हे मी सांगू शकत नाही. मुले रात्री किती वाजता झोपतात, पहाटे नळाला पाणी येते का, दिवसभर वर्गात बोलून रात्री तुमच्यात त्राण उरते का, यांवर ते ठरेल. माझा एवढाच आग्रह आहे की तो तुकडा रोजच्या एखाद्या कामाला जोडून घ्या. ‘नऊ वाजता’ असे ठरवले, तर नऊ वाजता कुणीतरी हाक मारतेच. ‘मुलांना झोपवल्यावर लगेच, अंथरुणाशेजारीच’ किंवा ‘शाळेत पोहोचल्यावर, पहिल्या घंटेच्या आधी’ असे ठरवले, तर ते टिकते. घरच्यांनाही सांगून ठेवा. सासूबाईंना कादंबरी म्हणजे काय ते समजावण्याची गरज नाही. एवढा वेळ मला लिहायला लागतो, हे एकदा शांतपणे सांगितले की घरातली माणसे आपण समजतो त्यापेक्षा लवकर सवय करून घेतात.

वर्षाचाही हंगाम असतो. उभ्या पिकात मोजणी करणे अवघड, म्हणून आमचे मैदानातले मोठे काम रब्बीची ज्वारी निघाल्यापासून मृगापर्यंत चाले. त्या चार महिन्यांत मी दमून घरी येत असे आणि नवे प्रसंग लिहिण्याचा हट्ट करत नसे; आठवड्यातून दोन पाने झाली तरी पुष्कळ मानत असे. पावसाळ्यात, कार्यालयीन काम असताना, रोजचे पान होई. तुमचा हंगाम याच्या उलट आहे: सुट्टीत मोकळीक, परीक्षांच्या काळात ओढाताण. म्हणून वर्षभर एकच लक्ष्य ठेवू नका. परीक्षेच्या महिन्यात अर्धे पान पुरे. सुट्टीत दोन पाने लिहा, पण दहा लिहू नका. सुट्टीत दहा पानांची सवय लागली, की जूनमध्ये एक पान क्षुल्लक वाटू लागते आणि सगळेच सुटते. तुमच्या चार वर्षांत हेही घडले असावे असा माझा अंदाज आहे.

घरात गंभीर आजारपण असेल, तर लिहू नका. माझी आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा चार महिने मी एक ओळही लिहिली नाही. फक्त दोन-तीन दिवसांआड रात्री दवाखान्यातून आल्यावर शेवटचे पान आणि त्याखालच्या तीन ओळी वाचत असे. पाच मिनिटे लागत. त्याने कादंबरी पुढे गेली नाही, पण त्या जगाची वाटही बुजली नाही. आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी बसलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी लेखन पूर्ववत सुरू झाले. ज्या काळात माणसाला आपली गरज असते, त्या काळात लेखन मागे ठेवल्याची खंत बाळगू नये, असे मी मनापासून सांगतो.

एक व्यावहारिक काळजी अवश्य घ्या. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या एका वहीला वाळवी लागली आणि दोन प्रकरणे गेली. ती आठवून पुन्हा लिहायला मला पूर्ण पावसाळा लागला. तुमच्या हातात मोबाइल आहे. दर शनिवारी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढा आणि ते स्वतःलाच ईमेल करा.

खर्डा कुणाला दाखवावा, हेही तुम्ही ओझरते विचारले आहे. चुका काढणाऱ्या वाचकाला पूर्ण होईपर्यंत दाखवू नका, पण एखाद्या ऐकणाऱ्याला वाचून दाखवायला हरकत नाही. आपल्या पैठणशी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, जोडलेली गुणाढ्याची आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेल. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती सांगितली आहे. गुणाढ्याने वनात राहून सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत रचली, राजाने ती नाकारली, तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. प्राणी चरणे विसरून ऐकत राहिले. राजा धावत आला, तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. विद्याधरांच्या, उडत्या रथांच्या आणि शापांच्या त्या कथा आपल्या गोदावरीकाठच्या नावाशी जोडलेल्या आहेत, म्हणून अद्भुत लिहिणे हे आपल्या मातीला परके आहे असे कुणी म्हटले, तर मनावर घेऊ नका. आणि ऐकणारे तुमच्या घरातच दोन आहेत. रात्री मुलांना आजच्या पानातला प्रसंग गोष्ट म्हणून सांगा. ‘मग पुढे काय झालं?’ असे त्यांनी विचारले, तर प्रसंग चालतो आहे. ते मध्येच दुसरे काही बोलू लागले, तर त्या जागी समासात फुली मारा आणि पुढे जा, दुरुस्ती नंतर.

तुमचे नववे प्रकरण नायिका बारवेच्या शेवटच्या पायरीवर पोहोचते आणि तिला खालची नदी ऐकू येते, तिथे थांबले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. थांबायला ती चांगली जागा आहे. आज रात्री त्या प्रकरणाचे फक्त शेवटचे पान वाचा, त्याआधीचे काही वाचू नका. तिच्या हातात दिवा आहे की नाही आणि तिच्या मागून कुणी उतरते आहे की ती एकटी आहे, एवढ्या दोनच गोष्टी ठरवा. नंतर नव्या पानावर दहावे प्रकरण असे लिहून तिचा पाय पाण्यात टाका.